रस्ता होण्याआधीची पाहणी

गावाला रस्ता मंजूर झाला की गावात आनंद होतो आणि तो रास्तच आहे. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून ज्या गावाने चिखलातून तालुक्याला नेले आहे, त्याला डांबरी रस्त्याचे मोल कोणी समजावून सांगायला नको. आधी आखणी होते, खुंट्या ठोकल्या जातात, मग जेसीबी येतो. वाटेत उंचवटा आला तर तो कापतात. सखल भागात भराव घालायचा तर जवळच्या टेकाडावरची माती आणतात. या कामात कधी खापरे निघतात, कधी मणी, कधी राखेचा थर, कधी हाडे. मुकादम ते बाजूला सारतो. दोन दिवसांत रोलर फिरतो आणि काम पुढे सरकते.

त्या दोन दिवसांत काय नाहीसे झाले, हे बहुतेक वेळा कोणालाच कळत नाही. रस्ता तर हवाच आहे. प्रश्न एवढाच की, माती उकरण्याआधी त्या पट्ट्यावरून एकदा जाणत्या नजरेने चालून जाणे शक्य नाही का? जगातील काही देशांनी हे नियमाने करायला सुरुवात केली, त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. ही पद्धत कशी आली, तिच्यातून काय मिळाले, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्याकडे काय स्थिती आहे, हे आपण या लेखात पाहू. शाळेला त्यात काय करता येईल, तेही शेवटी सांगू.

पांढर आणि काळी

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद नुसता बोलण्यातला नाही, त्यामागे मातीचे शास्त्र आहे. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडतात आणि त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहतात. चुलीची राख, शेण, चुना, हाडे, केरकचरा त्यात मिसळत जातो. हळूहळू तेथील माती करड्या-पांढऱ्या रंगाची होते आणि भोवतालच्या शेतांपेक्षा ती जागा उंच होते. वस्ती उठून गेली तरी टेकाड राहते. नेवासे, पैठण, तेर येथील टेकाडे अशीच तयार झाली आहेत.

ही माती खताच्या दृष्टीने कसदार असते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेतात. धाब्याच्या घरांवरही ती पसरतात. रस्त्याच्या भरावालाही ती हाताशी असते. जुनी टेकाडे आपल्याकडे झिजत गेली ती अशी.

अशा टेकाडातून काय कळू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे इसवी सनपूर्व १६०० पासून ७०० पर्यंत तेथे शेतकरी राहत होते. खालच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे मिळाली, तर वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या. हवामान कोरडे होत गेले, शेती कमी पिकू लागली आणि लोक गरीब झाले, असा अर्थ उत्खनकांनी त्यातून लावला. एखादी वस्तू कोणत्या थरात होती आणि तिच्या शेजारी काय होते, एवढ्यावर हे सारे अनुमान उभे आहे. जेसीबीच्या एका फावड्यात खालचा आणि वरचा थर एकत्र झाला असता तर खापरे तीच राहिली असती, पण त्यांचा इतिहास लागला नसता.

याची दुसरी बाजू दायमाबादला दिसते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचे खोड खणून काढताना चार काशाच्या वस्तू मिळाल्या : बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. भारतातील प्राचीन धातुकामातील ही अजोड शिल्पे आहेत. परंतु ती शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळाली नसल्याने त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. पुढे तेथे रीतसर उत्खनन झाले, बरीच माहिती हाती आली, पण खोडाभोवतालची माती पुन्हा जशीच्या तशी ठेवता येत नाही. शिल्पे वाचली, त्यांचा संदर्भ मात्र हरवला.

हडप्प्याच्या विटा

दळणवळणाच्या कामात इतिहास कसा दबला जातो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच उपखंडात घडले. पंजाबात, आजच्या पाकिस्तानात, रावी नदीच्या जुन्या पात्राकाठी हडप्पा येथे भाजक्या विटांचे प्रचंड ढिगारे होते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ही जागा १८५३ आणि १८५६ मध्ये पाहिली होती. १८७० नंतर ते पुन्हा तेथे गेले तेव्हा त्यांनी आधी पाहिलेल्या भिंतींपैकी फारसे काही उरले नव्हते. लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या ठेकेदारांनी विटा उचलून रुळांखालच्या भरावासाठी नेल्या होत्या. सुमारे शंभर मैल मार्गाला पुरतील एवढ्या विटा येथून गेल्या, असे कनिंगहॅम यांनी लिहून ठेवले आहे.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. दगड नसलेल्या मैदानात अभियंत्यांना पक्क्या विटा आयत्या मिळाल्या. त्या किती जुन्या आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. स्वतः कनिंगहॅम यांनाही त्यांचे खरे वय कळले नाही. १९२१ मध्ये दयाराम सहानी यांनी हडप्प्याला उत्खनन सुरू केले, १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोला काम केले आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. विटा चार हजार वर्षांहून जुन्या असल्याचे कळले तेव्हा त्यांवरून आगगाडी धावू लागून कित्येक वर्षे झाली होती. नुकसान होऊन गेल्यावर त्याची किंमत कळते, हा या कथेचा धडा आहे. म्हणूनच पाहणी आधी व्हावी लागते.

खर्च कोणाचा?

पाहणी आधी हवी, हे पटायला सोपे आहे. पण तिचा खर्च कोणी करायचा? या प्रश्नाचे एक ठोस उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात मिळाले. या राज्यात मूळ अमेरिकन लोकांच्या जुन्या वस्त्यांचे अवशेष जागोजागी विखुरलेले आहेत. तेथे १९५४ मध्ये फ्रेड वेंडॉर्फ या पुरातत्त्वज्ञाच्या पुढाकाराने महामार्गाच्या कामाआधी अवशेष शोधून त्यांची नोंद घेण्याची योजना सुरू झाली. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने रस्त्यासाठी दिलेल्या निधीतून हा खर्च करण्यास मुभा दिली. म्हणजे पूल, मोरी, खडी यांच्याप्रमाणेच पुरातत्त्वीय पाहणी ही रस्त्याच्या अंदाजपत्रकातली एक बाब ठरली.

युरोपात हेच तत्त्व १९९२ मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे झालेल्या करारात आले. जो बांधकाम करून जमीन उकरणार आहे, त्याच्या प्रकल्पातच पुरातत्त्वीय कामाची तरतूद असावी, असे त्याचे सार आहे. आयर्लंडने ते रस्त्यांच्या बाबतीत नेटाने अमलात आणले. तेथील राष्ट्रीय रस्ते प्राधिकरणाने २००० मध्ये सरकारशी आचारसंहिता ठरवली आणि रस्त्यांच्या प्रकल्पांवर पुरातत्त्वज्ञ नेमले. अभियंता आणि पुरातत्त्वज्ञ एकाच कचेरीत, एकच नकाशा समोर ठेवून बसू लागले.

पाहणी कशी करतात

पाहणी पायऱ्यापायऱ्यांनी होते. पहिली पायरी टेबलावरची. जुने नकाशे, महसुली नोंदी, शेतांची नावे, पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहतात. जमिनीखाली जुना खंदक असेल तर तेथे ओल टिकते आणि पीक जास्त उंच व हिरवे होते. खाली भिंत असेल तर पीक खुरटते. जमिनीवर उभे राहून न दिसणाऱ्या या रेषा वरून स्पष्ट दिसतात.

दुसरी पायरी चालण्याची. नांगरलेल्या शेतात ठरावीक अंतर राखून माणसे एका ओळीत चालतात आणि दिसणाऱ्या प्रत्येक खापराची, दगडी हत्याराची जागा नोंदवतात. तिसरी पायरी उपकरणांची. माती भाजली की तिच्यातील लोहखनिजांचे चुंबकत्व बदलते, म्हणून जुनी चूल किंवा भट्टी चुंबकमापकावर उमटते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच चुंबकीय खनिजे असल्याने हे उपकरण येथे तितके सहज कामी येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

चौथी पायरी चाचणी चरांची. रस्त्याच्या मध्यरेषेवर सुमारे दोन मीटर रुंदीचा चर घेतात आणि त्याला दोन्ही बाजूंना फाटे काढतात. वरची माती काढताच खालच्या मातीत गडद डाग दिसतात. खांब रोवलेला खड्डा, राखेचा खड्डा, बुजलेला खंदक हे सारे अशा डागांतून ओळखतात. काही महत्त्वाचे निघाले तर दोन वाटा असतात : रस्ता थोडा सरकवायचा, नाहीतर काम सुरू होण्याआधी तेवढ्या भागाचे पूर्ण उत्खनन करायचे. आखणी कागदावर असताना रस्ता तीस-चाळीस मीटर सरकवायला फारसे काही लागत नाही. भूसंपादन होऊन यंत्रे उभी राहिल्यावर तेच फार महाग पडते. पाहणीने कामाला उशीर होतो, या तक्रारीचे उत्तर यातच आहे. उशीर बहुधा उशिरा केलेल्या पाहणीने होतो.

रस्त्याखाली सापडलेले रस्ते

या पद्धतीचा एक मोठा वैज्ञानिक फायदा आहे, तो सहज लक्षात येत नाही. पुरातत्त्वज्ञ स्वतः जागा निवडतो तेव्हा जेथे काही मिळेल असे वाटते तेथेच तो खणतो. रस्ता मात्र टेकडी, दलदल, माळ, नदीकाठ असा सगळ्या प्रदेशांतून जातो. त्यामुळे एरवी कोणी पाहिले नसते अशा जागाही तपासल्या जातात. विज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर नमुन्यातला पूर्वग्रह कमी होतो.

आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यातील एडरक्लून हे त्याचे सुरेख उदाहरण. एन-४ रस्त्याच्या कामासाठी २००६ मध्ये तेथील दलदलीचा एक तुकडा खणला गेला. वरून ओसाड दिसणाऱ्या त्या जागी लाकडी वाटा आणि चौथरे यांची ४८ बांधकामे एकावर एक सापडली. नवाश्मयुगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंत हजारो वर्षे लोक फांद्या आणि ओंडके टाकून तेथे वाटा करत होते. दलदलीतील पाण्यामुळे हवा आत पोचत नाही, लाकूड कुजत नाही, म्हणून हे टिकले. त्यांत कांस्ययुगाच्या उत्तरार्धातील एका लाकडी चाकाचा तुकडाही होता. नवा रस्ता करायला गेले आणि जुने रस्ते सापडले.

पण सगळ्या कथा इतक्या सुरळीत नाहीत. डब्लिनच्या वायव्येला जाणारा एम-३ महामार्ग टारा टेकडीजवळच्या खोऱ्यातून जायचा होता. टारा ही आयर्लंडच्या प्राचीन राजांची टेकडी. आयरिश मनात तिचे स्थान फार मोठे. या मार्गावर दीडशेहून अधिक पुरातत्त्वीय जागा खणल्या गेल्या. त्यांतील लिसमलिन येथे २००७ च्या आरंभी, वरची माती काढताना, सुमारे ८० मीटर व्यासाचे खांबांच्या खड्ड्यांचे वर्तुळ उघडे पडले. ते लोहयुगातील समारंभाचे स्थळ असावे, असे मानतात. तेथले खड्डे इतके लहान होते की आधीच्या पाहणीत ते ध्यानात आले नव्हते. सरकारने त्या जागेला राष्ट्रीय स्मारक घोषित केले, काम थांबले, लोकांनी निदर्शने केली. अखेर त्या जागेचे पूर्ण उत्खनन करून नोंद घेण्यात आली आणि रस्ता त्यावरूनच गेला. तो २०१० मध्ये खुला झाला.

म्हणजे पाहणी केली की अवशेष वाचतातच, असे नाही. पुष्कळदा उरते ती नोंदच : नकाशे, छायाचित्रे, मापे, मातीचे नमुने. नोंद हा मूळ वस्तूचा पर्याय नव्हे, हे निदर्शकांचे म्हणणे आम्हाला खरे वाटते. उद्याच्या शास्त्रज्ञाकडे आजच्यापेक्षा चांगली साधने असतील, पण खणलेली जागा त्याला पुन्हा खणता येणार नाही. तरीही नोंद असणे आणि काहीच नसणे यांत फार अंतर आहे. लिसमलिनबद्दल आज वाद घालता येतो, कारण तेथे काय होते हे माहीत आहे. हडप्प्याच्या गेलेल्या भिंतींबद्दल तेवढेही करता येत नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांआधी पुरातत्त्वीय काम झालेच नाही, असे नाही. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९५४ ते १९६० या काळात झाले आणि तेथील महत्त्वाच्या वास्तू उचलून उंच जागी पुन्हा उभारल्या गेल्या. ते काम जगात नावाजले गेले. परंतु धरण एका जागी असते आणि सर्वांच्या डोळ्यांत भरते. ग्रामीण रस्ते लाखो तुकड्यांत विखुरलेले असतात.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यातून आतापर्यंत सात लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा चौथा टप्पा मंजूर झाला असून त्यात आणखी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट आहे. साइडपट्ट्यांसह साडेसात मीटर रुंदी धरली तर एक किलोमीटर रस्ता पाऊण हेक्टर जमीन व्यापतो. शिवाय भरावासाठी जेथून मुरूम आणि माती काढतात त्या जागा वेगळ्याच.

कायदा काय म्हणतो? केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा घोषित स्मारकांना संरक्षण देतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. पण देशभरात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके आहेत सुमारे ३,७००. गावोगावची पांढरीची टेकाडे त्या यादीत नाहीत. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेत राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा विचार आहे, ग्रामीण रस्त्यांचा नाही. म्हणजे ज्या जागेची नोंदच नाही, ती रस्त्यात गेली तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते.

मुरमाच्या खाणीबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला मद्रासजवळ पल्लावरम येथे खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात दगडी हत्यार सापडले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात तेथून मानतात. त्या दिवशी खड्ड्यापाशी पाहणारा डोळा होता, एवढाच फरक. असा डोळा प्रत्येक तालुक्यात सरकारी खात्याने नेमावा, ही अपेक्षा आज तरी दूरची आहे. पण प्रत्येक तालुक्यात शिक्षक आहेत.

शाळेला काय करता येईल

आठवी-नववीच्या मुलांसह पुढील गोष्टी करता येतील.

१. गावचा नकाशा मिळवून त्यावर जुने गावठाण, पांढर, गढी, बारव, पडकी देवळे, वीरगळ यांच्या जागा दाखवाव्यात. म्हाताऱ्या माणसांना शेतांची नावे विचारावीत. ‘पांढरीचे शेत’ असे नाव कानी पडले तर तेथे आवर्जून जावे.

२. रस्त्याची आखणी झाली असेल तर मालकांची परवानगी घेऊन त्या पट्ट्यावरून दहा-दहा पावलांच्या अंतराने ओळीत चालावे. पिके निघाल्यावरचा, नांगरणीनंतरचा काळ उत्तम. मुरमासाठी ठरवलेल्या जागाही पाहाव्यात.

३. दिसेल ते जागेवरच ठेवून त्याचे चित्र, माप आणि छायाचित्र घ्यावे. लालसर रंगावर काळ्या रेघांची नक्षी आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज, हे जोर्वे पद्धतीच्या खापराचे लक्षण. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती १९५० च्या सुमारास प्रथम ओळखली गेली, म्हणून ते नाव. आतून काळे व बाहेरून तांबडे खापर, शंखाच्या बांगडीचा तुकडा, गारगोटीची बारीक पाती यांचीही नोंद करावी.

४. कधीही खणू नये. परवान्याशिवाय केलेले उत्खनन हे जेसीबीचेच काम लहान प्रमाणात करते. मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, हे मुलांना सांगावे.

५. नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक रस्त्याच्या कामावरील अभियंत्याला आणि एक राज्याच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी. ती काम सुरू होण्याआधी द्यावी.

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अभियंत्याला इतिहासाशी वैर नसते. त्याला कोणी सांगितलेले नसते. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. तो शिळाखंड बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. त्यावरची अक्षरे वाचणारे कोणी भेटले म्हणून आज तो आपल्याला ठाऊक आहे. असे किती दगड मोरीच्या बांधकामात गेले असतील, ते सांगता येणार नाही.

रस्ता गावाला जगाशी जोडतो. त्याच जमिनीवर आपल्या आधी राहून गेलेल्यांशीही गावाचे नाते असते, आणि ते तोडल्याशिवाय रस्ता होऊ शकतो. त्यासाठी खुंट्या ठोकल्यापासून जेसीबी येईपर्यंतचे काही दिवस हाताशी असतात. एका शाळेची एका शनिवारची सकाळ त्यात सहज बसते.